तलावात राहून गेलेल्या जाळ्यांचं काय करायचं?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ कळेल. तुम्ही अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या एका गावात शिक्षिका आहात. गावच्या मालगुजारी, म्हणजे जुन्या जमीनदारांच्या काळातल्या, तलावाचं पाणी उतरलं तेव्हा तुमच्या शाळेतल्या पोट्ट्यांना बेशरमाच्या झुडपांत गुंतलेलं तंगुसाचं, म्हणजे नायलॉनच्या बारीक धाग्याचं, जुनं जाळं सापडलं. ते आता शाळेत ठेवलं आहे. त्यात एक मेलेलं कासव होतं आणि दोन पाणकावळ्यांचे सांगाडे. समुद्रातल्या ‘भूतजाळ्यां’बद्दल, म्हणजे हरवल्यावरही मासे मारत राहणाऱ्या जाळ्यांबद्दल, तुम्ही वाचलेलं होतं. म्हणून तुम्ही विचारलंत की समुद्रासाठी सांगतात ते उपाय आपल्या तलावाला चालतील का, आणि उन्हाळ्याच्या सुटीत मुलांना घेऊन जाळी काढण्याची मोहीम करावी का.

मी उमेदीची सहा वर्षं रत्नागिरीकडे बंदरावर काढली आणि पुढची पंचवीस भंडारा-गोंदियातल्या मच्छीमार सहकारी संस्थांसोबत. दोन्हीकडची जाळी हाताळली आहेत. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: मुलांना पाण्यात उतरवू नका. पहिल्याचं उत्तर हो असं आहे, पण समुद्रावरचे लोक जे शिकले त्यात सफाई शेवटी येते. त्याआधी एक गोष्ट जमवावी लागते. जाळं हरवलं तर ते न घाबरता सांगता आलं पाहिजे.

समुद्राचं आधी सांगतो. 2022 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सात मोठ्या मासेमार देशांतल्या साधारण 450 मच्छीमारांना विचारून हिशोब मांडला गेला. त्यानुसार जगभर वापरात असलेल्या जाळी-सापळ्यांपैकी सुमारे 2 टक्के दर वर्षी समुद्रात राहतात. 2 टक्के ऐकायला कमी वाटतात. पण नुसती उभी लावायची जाळी धरली तरी वर्षाला जवळपास 3,000 चौरस किलोमीटर होतात, म्हणजे भंडारा जिल्ह्याचा बराचसा भाग झाकून जाईल. वर अडीच कोटींहून जास्त सापळे आणि पिंजरे. 6 लाख 40 हजार टनांचा एक जुना आकडा सगळीकडे फिरतो, तोही तुमच्या वाचनात आला असेल. तो ढोबळ गुणाकारातून आलेला आहे, मी वापरत नाही.

हरवलेलं जाळं मासे मारतच राहतं, ते असं. उभ्या जाळ्याच्या वरच्या दोरीला तरंडे, म्हणजे तरंगणारे तुकडे, असतात, खालच्या दोरीला शिसाच्या गोळ्या, आणि मधे पडद्यासारखं जाळं. मालक नसला तरी पडदा उभाच असतो. मासा अडकतो, मरतो, कुजतो. त्या वासानं दुसरे खाणारे येतात आणि तेही अडकतात. ओझं वाढलं की जाळं खाली बसतं. कासव आणि पाणकावळा यांचं मरण वेगळं असतं. दोघांनाही श्वासासाठी वर यावंच लागतं. माशाच्या मागे बुडी मारली, पाय किंवा मान गुंतली, की ते बुडून मरतात. तुमच्या मुलांनी पाहिलं ते हेच.

समुद्राच्या उथळ भागात अशा जाळ्यावर शेवाळ चढतं, ते दिसू लागतं, जड होऊन कोलमडतं, आणि काही महिन्यांत त्याची पकड बरीच कमी होते. आपल्या तलावात मात्र मी वेगळं पाहिलं आहे. पाणी उतरतं तसं जाळं आडवं होतं, वैशाखात तळावर वाळतं, शेवाळ सुकून झडून जातं. मृगानंतर पाणी चढू लागलं की वरचे तरंडे शाबूत असलेलं तेच जाळं पुन्हा उभं राहतं. तेही नेमकं काठाच्या उथळ पाण्यात आणि नेमकं विणीच्या दिवसांत, जेव्हा मरळ हा मासा गवतात पिल्लं राखत असतो. राखण करणारी मरळ अडकली की तिची पिल्लं दुसऱ्या माशांच्या तोंडी जातात. म्हणून आपल्याकडे एका जाळ्याचं नुकसान एका हंगामात संपत नाही. हे मी संस्थांच्या बैठकीत सांगतो तेव्हा लोक हिशोबही लगेच करतात. तलावात सोडलेली बोटुकली, म्हणजे माशांची बोटभर पिल्लं, संस्थेनं पैसे मोजून आणलेली असते. राहून गेलेल्या जाळ्यात मेलेला कटला हा त्या पैशांतलाच मासा असतो.

नायलॉनबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. ते पाण्याहून जड असतं, म्हणून तुटलेलं तंगूस तळाशी जातं. दोरी बहुधा दुसऱ्या प्लास्टिकची असते, ती तरंगते. त्यामुळे वरून तुम्हाला दिसतो तो दोरीचा तुकडा. त्याच्याखाली वीस हात जाळं असू शकतं. संक्रांतीत नागपुरात लोकांचे गळे चिरले गेले, तेव्हा नायलॉनच्या मांजाबद्दल सगळे बोलू लागले, आणि 2017 मध्ये राष्ट्रीय हरित लवादानं देशभर त्यावर बंदी घातली. तलावाच्या तळाला पडलेला धागा त्याच जातीचा आहे. म्हणूनच म्हणतो, मुलांना उतरवू नका. गढूळ पाण्यात तो दिसत नाही. सदऱ्याच्या बटणात, पैंजणात, बोटातल्या अंगठीत अडकतो, आणि ओढाल तितका आवळतो. पोहता येणारा माणूसही त्यात गुंतून जातो.

एकदा भंडाऱ्याकडच्या एका बोडीत, म्हणजे छोट्या तळ्यात, म्हैस गाळात रुतल्याचा निरोप आला. आम्ही गेलो तर ती रुतलेली नव्हती. मागच्या दोन्ही पायांना खुराच्या वर तंगूस गुंडाळलं गेलं होतं. ती पाय उचलायची तेवढा फास खोल जायचा. कातडं कापून धागा मांसात शिरला होता. मालक रडत होता आणि शेपटी धरून ओढत होता. त्याला थांबवलं, तिच्या डोळ्यांवर ओलं पोतं टाकलं, आणि कोयत्याऐवजी दाढीच्या पात्यानं एकेक धागा कापला. दीड तास लागला. कासव किंवा पक्षी सापडला तरी हेच करायचं. ओढायचं नाही, कापायचं. पक्ष्याचं डोकं कापडानं झाकलं की तो शांत होतो. कासवाला पाठीच्या मागच्या कडेनं धरा. मऊ पाठीच्या कासवाची मान वाटते त्याहून खूप मागे वळते आणि चावा खोल बसतो. जखम मोठी असेल तर वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवा. तोवर त्याला सावलीत, ओल्या गोणपाटाखाली ठेवा.

आता मुख्य गोष्ट. जाळी का हरवतात?

बाहेरच्यांना वाटतं की ढिवर, म्हणजे इथले मच्छीमार, निष्काळजी आहेत, जाळी टाकून देतात. टाकून देणारे असतात, नाही म्हणत नाही. पण माझ्या अनुभवात बहुतेक जाळी नाइलाजानं राहतात. रात्री लावलेलं जाळं वादळानं बेशरमात किंवा बुडालेल्या खुंटांवर गुंतलं. कुणी चोरायला आला आणि अर्धं कापून नेलं. ठेक्यावरून दोन गटांत भांडण होतं, एकानं दुसऱ्याची दोरी कापली. ज्या पाण्यात मासेमारीला बंदी आहे तिथं लपून लावलं आणि पहारेकरी आला म्हणून टाकून पळावं लागलं. समुद्रातही हीच कारणं आहेत. तिथं वादळ, खडक, दुसऱ्या बोटीनं ओढून नेलेलं जाळं, चोरटी मासेमारी. गंगेच्या काठच्या मच्छीमारांशी बोलून केलेला एक अभ्यास 2020 च्या सुमारास आला. त्यात लोकांनीच सांगितलं होतं की जाळी फार दिवस टिकत नाहीत, फाटकी टाकायला जागा नसते, म्हणून ती नदीतच जातात. ते वाचताना मला आपल्याच तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, बसून कुणी बोलतोय असं वाटलं.

त्यात तंगुसाची भर पडली. पूर्वी सण नावाच्या झाडाच्या धाग्याची, सुताची जाळी असत. ती रोज वाळवावी लागत, झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवून पक्की करावी लागत, आणि फाटली की म्हातारी माणसं ओसरीत बसून पुन्हा विणून देत. त्या दिवसांकडे परत चला असं मी म्हणणार नाही. त्या कष्टांत बायकांची किती दुपार जायची ते मी पाहिलं आहे. पण त्या जाळ्याचा तुकडा तलावात राहिला तर एक-दोन पावसाळ्यांत कुजून जायचा. आजचं स्वस्त तंगूस फाटलं की सांधत बसणं परवडत नाही आणि कुजत तर नाहीच. त्यातल्या त्यात पीळ दिलेल्या जाड धाग्याचं जाळं घ्यावं. ते महाग पडतं, पण सांधता येतं, म्हणून माणूस ते शोधायला जातो. स्वस्त जाळं हरवलं तर कुणी शोधत नाही.

इथं माझ्या हातून झालेली चूक सांगतो. साधारण वीस वर्षांपूर्वी एका संस्थेला मी ठराव लिहून दिला होता की ज्याचं जाळं तलावात राहील त्याला पाचशे रुपये दंड. ठराव एकमतानं झाला, आम्हाला वाटलं प्रश्न सुटला. पुढच्या तीन वर्षांत जाळं हरवल्याची एकही खबर आली नाही. चौथ्या उन्हाळ्यात तलाव जवळजवळ आटला तेव्हा तळाला एकोणीस जाळी मोजली. आधीच्या कोणत्याही वर्षापेक्षा जास्त. एक वयस्क काका मला बाजूला घेऊन म्हणाले, “भाऊ, जाळं गेलं ते गेलंच, वरतून पाचशे कोण देईल? आमी वरचे तरंडे कापून घेत होतो, जाळं वळखू येऊ नये म्हणून.” म्हणजे दंडामुळे खबर तर बंद झालीच, वर मालकाची खूणही लोक स्वतःच्या हातानं मिटवू लागले.

समुद्रावर हे आधीच कळलं होतं, मलाच ते उशिरा उमगलं. नॉर्वेमध्ये 1983 पासून सरकारी खातं दर वर्षी हरवलेली जाळी समुद्रतळावरून ओढून काढतं, आणि ते जमतं कारण मच्छीमार जाळं कुठं गेलं ते कळवतात. जागतिक अन्न व कृषी संघटनेनं 2018 मध्ये जाळ्यांवर मालकाची खूण ठेवण्याबद्दल मार्गदर्शक तत्त्वं मंजूर केली. त्यांचा गाभाही हाच: खूण ठेवा, हरवल्याची खबर द्या, परत आणून टाकायला जागा द्या. आपल्या राज्यातही एक चांगलं उदाहरण आहे. कोकण किनाऱ्यावर जाळ्यात समुद्री कासव, डॉल्फिन किंवा व्हेल शार्क अडकला आणि मच्छीमारानं जाळं कापून त्याला सोडलं, तर 2018 पासून सरकार 25 हजार रुपयांपर्यंत भरपाई देतं. खरं सांगणाऱ्याचं नुकसान होणार नाही, एवढं पक्कं झालं की लोक सांगतात.

मग आम्ही तो दंडाचा ठराव मागे घेतला. त्याच्या जागी जे केलं ते तुमच्या गावात करता येईल, खर्च जवळजवळ नाही. आपल्याकडे पुष्कळ जण जुन्या रबरी चपलेचे तुकडे तरंडे म्हणून वापरतात. प्रत्येक सभासदाचा संस्थेतला क्रमांक तापलेल्या सळईनं त्या तुकड्यावर डागायचा, दर दहा हातांवर एक. रंग उडतो, कागद भिजतो, पण डागलेला आकडा वर्षानुवर्षं वाचता येतो. दुसरं, सचिवाकडे एक वही. जाळं गेलं त्या दिवशी तारीख, किती हात जाळं, आणि जागा. जागा लिहिताना आपल्याच खुणा वापरायच्या: “मोठ्या पळसासमोर, तुडुमाकडे तीस हात.” (तुडुम म्हणजे तलावाचं पाणी सोडायचं दार.) दंड नाही, ओरडा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन डोंगे, म्हणजे छोट्या होड्या, त्या जागी गेलेच पाहिजेत, हा नियम. ताजं हरवलेलं जाळं पहिल्या दोन-चार दिवसांत बहुधा मिळतं. महिन्यानं ते गाळात आणि कमळाच्या मुळांत असं बसतं की काढायला दहापट कष्ट पडतात.

काढायचं साधन तुमच्या गावात आहेच. विहिरीत पडलेली बादली काढायचा लोखंडी गळ असतो ना, तोच. समुद्रावर ह्याच घडणीचे मोठे आकडे दोराला बांधून बोटीमागून ओढतात. डोंग्यात दोन माणसं, एक वल्हवणारा आणि एक दोर धरणारा. गळ तळाला टेकला की अगदी हळू ओढायचं. काही लागलं तर झटका द्यायचा नाही, डोंगा उलटतो. दोर हाताला कधीच गुंडाळायचा नाही. कमरेला धारदार सुरी हवी, तीही सहज हाताशी येईल अशी. जाळं कमळाच्या मुळांत किंवा खुंटात पक्कं बसलं असेल तर हट्ट धरू नका. वरची दोरी तरंड्यांसकट कापून आणा. पडदा उभा राहिला नाही की त्याची मारायची ताकद बरीच जाते. उरलेलं रोहिणी लागल्यावर, पाणी अगदी तळाशी गेलं की, चालत जाऊन काढता येतं. आषाढ-श्रावणात मात्र गळ फिरवू नका. त्या दिवसांत काठाच्या वनस्पतींत माशांची वीण असते, कमळाच्या पानांवर पक्ष्यांची घरटी असतात.

बांबूच्या कामट्यांचा सापळा हरवला तर काळजी कमी, तो कुजतो. हल्ली लोखंडी सळई आणि नायलॉनच्या जाळीचे पिंजरे येऊ लागले आहेत, ते राहिले तर वर्षानुवर्षं पकडत राहतात. अलास्कात खेकड्यांच्या पिंजऱ्याची एक बाजू साध्या सुती दोऱ्यानं शिवणं सक्तीचं आहे. पिंजरा हरवला तर दोरा कुजतो, बाजू उघडते, आतला जीव बाहेर पडतो. तुमच्याकडे कुणी असे पिंजरे वापरत असेल तर एवढी एक गोष्ट जरूर करायला सांगा.

काढलेल्या जाळ्यांचं काय? जाळू नका. नायलॉनच्या धुरात जीवघेणे वायू असतात आणि शिसंही तिथंच मातीत राहतं. गोळ्या आधी काढून घ्या, त्या पुन्हा वापरता येतात. तरंडे आणि दोऱ्याही. आणि वाडीला, सांबाराच्या (कोथिंबिरीच्या) वाफ्याला किंवा कोंबड्यांच्या खुराड्याला सैल तंगूस बांधू नका, हे कळकळीनं सांगतो. आपल्याकडे ही सर्रास सवय आहे आणि त्यात धामण, नाग अडकून तडफडून मरतात. तलावातून काढलेलं मरण आपण अंगणात आणून लावतो. शिसं काढलेलं, धुऊन वाळवलेलं जाळं पोत्यात भरून संस्थेच्या खोलीत साठवा. नायलॉन वितळवून पुन्हा धागा करता येतो, पण स्वच्छ आणि एकाच जातीचं हवं. एका गावाचं वीस किलो कुणी घ्यायला येत नाही. पाच-सहा संस्थांनी मिळून साठवलं तर नागपूरचा भंगारवाला गाडी पाठवण्याचा विचार करतो. भाव फार मिळेल अशी आशा धरू नका.

एक गोष्ट तुमच्या भागासाठी खास तातडीची आहे. 2017 पासून गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार योजनेत तलावातला गाळ उन्हाळ्यात शेतात जातो. योजना चांगली आहे. पण जेसीबी तळ खरवडतो तेव्हा वाळून ठिसूळ झालेलं तंगूस गाळासकट ट्रॉलीत जातं, आणि धानाच्या बांधीत त्याचे तुकडे होतात. रोटाव्हेटरला गुंडाळलेलं तंगूस कापत बसलेले शेतकरी मी पाहिले आहेत. म्हणून जेसीबी येण्याआधी एक दिवस तळ फिरून जाळी वेचायची, असं ग्रामसभेत मांडा. तलाव जिल्हा परिषदेचा, मासे संस्थेचे, गाळ शेतकऱ्याचा, आणि जाळं कुणाचंच नाही, असं चालतं म्हणूनच ते तिथं राहतं. मालगुजारी गेली 1951 च्या सुमारास. त्याआधी पाळ, तुडुम, पाट यांची देखरेख कोण करणार हे गावात ठरलेलं असे. जाळ्यांसाठी तसं आता ठरवावं लागेल.

तुमच्या मुलांसाठी काम आहे, आणि मोठं आहे. रोहिणीत पाळीवरून आणि कोरड्या काठावरून मोठ्या माणसांसोबत फिरून नकाशा काढा. कुठं जाळं दिसतं, किती पावलं, त्यात काय अडकलं आहे. पुढच्या वर्षी त्याच दिवसांत पुन्हा. दोन वर्षांचे असे नकाशे शेजारी ठेवले की संस्थेला कुठल्या कोपऱ्यात जाळी लावणं थांबवायचं ते आपोआप दिसतं. आणि त्यांना नकाशावर वैनगंगाही दाखवा. ती वर्धेला मिळून प्राणहिता होते, सिरोंच्याजवळ गोदावरीत जाते, आणि गोदावरी आंध्रात बंगालच्या उपसागराला. आपल्या ओढ्यातून पुरात वाहून गेलेली तरंगती दोरी कुठल्या वाटेनं समुद्राकडे निघते, ते त्यांना बोटानं दाखवता येईल.

आणि आता तुमच्या शाळेत जे जाळं ठेवलं आहे त्याबद्दल. वरच्या दोरीवर चपलेचा तुकडा किंवा काही खूण असली, तर मुलांसमोर ती कुणाची हे शोधायला बसू नका. जाळं पोत्यात घाला, संस्थेच्या सचिवांकडे स्वतः घेऊन जा, आणि कुणाचं ते विचारण्याऐवजी कुठं सापडलं ते सांगा. सोबत एक कोरी वही न्या. पहिल्या पानावर तुमच्याच हातानं तारीख आणि जागा लिहा, आणि मालकाचा रकाना मोकळा सोडा.